चार बोटं हवा

तिजिक्जा गाव संपतं तिथे तल्हाचं एक वाकडं झाड आहे.
त्याच्या बुडाशी मामा गाडी थांबवतो, न सांगता.
मी उडी मारून एक काटा तोडतो.
कोवळा नको, वाकतो. पार वाळलेला नको,
तो व्हॉल्व्हमध्ये मोडतो आणि मग मामा बोलत नाही दिवसभर.

पुढच्या चाकांना चाळीस मणी, मागच्यांना तीस.
मागे पीठ आहे, साखर आहे, पाय बांधलेल्या दोन बकऱ्या
आणि तिशितच्या शाळेसाठी एक फळा.
मी काटा दाबून धरतो, हवा बोटांवरून गार निघून जाते,
मामा जपमाळ ओढत राहतो.
गेज त्याच्याकडे कधीच नव्हतं.
रिम आणि जमीन यांच्यात बोटं घालून बघतो.
पाच होती, चार राहिली. बास.
टायर आता उंटाच्या तळव्यासारखा पसरलाय.

"सोडायला काय, कुणीही सोडेल," मामा म्हणतो,
"भरणार कुठून, ते आधी सांग."

कॉम्प्रेसर होता आमचा, लाल, डब्याएवढा.
मामीच्या ऑपरेशनच्या वेळी नुआकशोतला विकला.
तेव्हापासून स्टेपनी हीच तिजोरी.
म्बारेक पंक्चरवाला तिच्यात सत्तर पौंड ठासतो,
तोंड फिरवून, अल्लाचं नाव घेत,
कारण टायर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे.
आणि एक नळी आहे, दोन तोंडांची:
एक तोंड स्टेपनीला, एक चाकाला.
भरल्याकडून रित्याकडे वाहते,
दोघांचं सारखं झालं की आपोआप थांबते.
चारही चाकांना पुरते. जेमतेम.

दुपारची हवा खोटी बोलते, हेही मामाचंच.
उन्हात टायर पोट पुढे काढून बसतो,
रात्री वाळू निवली की खरं काय ते कळतं.
म्हणून बोटं घालायची ती पहाटे, चहाच्या आधी.

परतताना मिठाची पोती होती.
वाळू संपून काळ्या दगडांचा माळ लागतो,
तिथेच आम्ही नळी काढणार होतो.
तर तिथे देद्दाहची गाडी, एका कुशीवर कललेली.
मऊ चाकांवर त्यानं जोरात वळण घेतलं,
टायरनं रिम सोडली.
सावलीत बायको, तिच्या मांडीवर तान्हं,
आणि पंपाचं रबर उन्हानं केव्हाच फाटलेलं.

मामानं काही विचारलं नाही.
जॅक लावला, रिमला साबण फासला,
टायरभोवती दोर गुंडाळून पहारीनं पीळ दिला
आणि मला म्हणाला, नळी आण.
पहिल्यांदा नुसतीच फुसफुस.
दुसऱ्यांदा पीळ वाढवला.
तिसऱ्यांदा धप्प!
तान्हं दचकून रडायला लागलं, देद्दाह हसायला.
मग त्याची उरलेली तीन.
आमच्या स्टेपनीवर अंगठा टेकवला तर तो आत गेला.

त्यानं पैसे काढले. मामा म्हणाला, हवेचे कसले?
तरी बकरीच्या कातड्यातलं ताक मात्र घेतलं,
आम्हाला तहान होती.

माळ आम्ही चालीच्या वेगानं ओलांडला.
खरं तर चाललो मीच,
टॉर्च घेऊन गाडीच्या पुढे, दगड बाजूला सारत.
टोकदार असेल तो आधी.
मागून मामाचा आवाज यायचा: डावीकडे, पोरा, डावीकडे.
एकदा मी वैतागून विचारलं,
त्याला दोनच चाकांपुरती दिली असती तर?
इंजिन घुरघुरत राहिलं.
बहुतेक ऐकू गेलं नसावं.

पहाटे म्बारेकनं पहारीनं टायर वाजवून पाहिले.
"कुठे गेली रे सगळी?"
"वाटेत," मामा म्हणाला.
चार चाकं भरून झाली. म्बारेक म्हणाला,
स्टेपनीचं पुढच्या वेळी बघू, हा टायर आता दगा देईल.
मामानं खिशातली शेवटची नोट सरळ केली.
"आत्ताच भर. सत्तर."

मी जाऊन भिंतीमागे उभा राहिलो
आणि कानांत बोटं घातली.