एक्केचाळिसाव्या मिनिटाला

फलज अल कबाइलच्या त्या खोलीत आम्ही चौघे
आणि एक एसी,
जो पंधरा मिनिटं चालून पाच मिनिटं रुसायचा.
बाकीचे झोपले की मी कापायला बसायचो.

सिनेमा दुसऱ्या कुणाचा.
गावच्या गणपतीत पाहिलेला,
पुढं जागा नव्हती म्हणून पडद्याच्या मागून.
तिकडून नायक डावखुरा होता,
सगळी बटणं बायकी बाजूला,
आणि दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत
ते शेवटपर्यंत कळलं नाही.
तोच माझा सिनेमा. म्हणून माझ्या प्रतीत
मी अख्खं चित्र उलटं फिरवलं.
गाणी दोन काढली. हवालदाराचे विनोद सगळे.
अडीच तासांचे चौऱ्याण्णव मिनिटं.
आणि पिवळ्या अक्षरांत, सावली देऊन,
पुनःसंकल्न : द. खोत.
ल पाय मोडूनच राहिला.

केबल तुटलेली, नवी चार रियालला.
मग स्पीकरपुढं माइक धरून आवाज घेतला.
त्यामुळे नायिका रडते त्यात आमचा एसी घरघरतो,
आणि एक्केचाळिसाव्या मिनिटाला
इद्रिस सरगुरोह खोकतो.

आता सोहारमध्ये दोन खोल्या, बायको, जुई,
आणि असं यंत्र, की जुई म्हणते
बाबा, हा खोकला एका क्लिकचं काम आहे.
बंदराचे दिवे काचेवरच्या दमटपणात फुगलेत.
रात्रपाळी नाही. तीन दिवस सुट्टी.
मी जुनी फाइल उघडून बसलोय,
आणि प्रत्येक जोडावर मला
एकोणतीस वर्षांचा एक घाईतला मुलगा दिसतो.
कुणी दार उघडलं की पुढचं दृश्य,
कुणी बोलायला तोंड उघडलं की पुढचं.
काय पळत होता. कुठं जायचं होतं?

वही सापडली त्याची.
‘एसटी स्टँडवर बाप बसलाय. ११ सेकंद.
काही घडत नाही. काढणे.’

मूळ डिस्कवर ओरखडे, पण ते अकरा सेकंद शाबूत.
बाप बसलाय. पिशवी मांडीवर.
पिशवीचा बंद बोटाला गुंडाळतो, सोडतो.
एवढंच.
मी ते सहा वेळा पाहिलं.
सातव्यांदा बायको म्हणाली, जेवायला येताय का.

इद्रिसला फोन केला. तो दाभोळला,
जाळी विणताना स्पीकरवर टाकतो मला.
म्हटलं, सगळंच नीट करू का रे? सुलट, स्वच्छ?
म्हणाला, कर की, सिनेमा तुझा थोडाच आहे.
मग थोडं थांबून:
पण माझ्या खोकल्याचं मानधन बाकी आहे हां.

पहाटे तीनपर्यंत काहीच केलं नाही.
पंचवीस गोष्टींची यादी केली, फाडली.
मोडका ल दुरुस्त करायला गेलो
आणि लाज वाटली, तोही तसाच ठेवला.
तो मुलगा चुकला असेल,
पण त्याच्या नावात मी हात घालावा
इतका काही मी सुधारलेलो नाही.

फक्त एक जोड उकलला.
आत ते अकरा सेकंद बसवले.
ते उलटे फिरवायचे राहिले.
राहिले म्हणजे, लक्षात आलं होतं.

तर आता असं होतं :
डावखुरा नायक घरातून निघतो,
एसी घरघरतो, आणि अचानक एसी बंद.
शांत, सुलट, समोरून दिसणारा स्टँड.
बापाच्या डोक्यावर एक पाटी,
जी मला आयुष्यात पहिल्यांदा वाचता येते.
चौकशी, लिहिलंय.
खाली खिडकी बंद.
तो पिशवीचा बंद गुंडाळतो. सोडतो.
अकरा सेकंद.
मग इद्रिस खोकतो,
आणि सगळं पुन्हा उलटं सुरू होतं.