एकोणतीसचा पाढा

स्मरणिकेसाठी दीडशे शब्द हवेत म्हणे,
'महाविद्यालयीन रेडिओ : आरंभीचा काळ'.
फोनवरच्या मुलीला विचारलं, कोणता आरंभ?
ती म्हणाली, दोन हजार अकरा, सर,
लायसन्स आलं तेव्हा.

नाही बाई. त्याच्या बेचाळीस वर्षं आधी,
दारव्ह्याला, आपल्याच कॉलेजात,
सायकल स्टँडमागच्या त्या खोलीत
जिथे आता झेरॉक्स निघतात.

लोणारे सर डेमॉन्स्ट्रेटर होते, प्राध्यापक नव्हेत;
हा फरक त्यांना पगाराच्या दिवशी कळायचा,
आम्हांला कधीच कळला नाही.
इतवारीच्या भंगारातून त्यांनी व्हॉल्व्ह आणला,
फौजी वायरलेसमधून काढलेला,
धोतराच्या फाटक्या पानात गुंडाळून, मांडीवर ठेवून, एसटीने.
ट्रान्सफॉर्मर शेख मुनाफने गुंडाळून दिला.
पैसे घेतले नाहीत. म्हणाला,
'फक्त माह्या दुकानाचं नाव घेत जा रोज.'
रोज घेतलं.

तार ध्वजस्तंभापासून कडुनिंबापर्यंत.
तारेवर साळुंक्या बसल्या की आवाज जाड होतो,
असं सर म्हणत. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

आवाज कुठवर जातो ते शोधायचं काम माझं.
दांडीला ट्रान्झिस्टर बांधून मी सायकल हाणायचो,
काटा नागपूरच्या जरासा डावीकडे,
आणि सर तिकडे खोलीत बसून म्हणत राहायचे
एकोणतीसचा पाढा.
तोच का? तर तो कुणालाच पाठ नसतो,
म्हणून माणूस कान देऊन ऐकतो.
जिथे पाढा तुटायचा तिथे मी चुन्याचा ठिपका मारायचो.
पूर्वेला जिनिंगच्या भिंतीवर, एकोणतीस सत्ते.
पश्चिमेला छोट्या रेल्वेच्या फलाटावर.
उत्तरेला एका बाभळीच्या बुंध्यावर.
दक्षिणेला नाल्यापर्यंत सरांचा घसा बसला होता,
तिथला ठिपका अंदाजे आहे.

साडेसहा ते सव्वासात.
बोलायची सुमित्रा कुळसंगे, बी.एस्सी. भाग एक.
घरी गोंडी, माईकवर असं मराठी
की आमचे मराठीचे सर वही घेऊन बसत.
सरकीचे भाव, पंक्चर झालेली दिग्रस गाडी,
कुणाची म्हैस कुणाच्या वावरात सापडली,
मेसमध्ये आज पुन्हा वांगं.
जिनिंगचा चौकीदार म्हणायचा,
'हे पोट्टी बोलते तं वाटते, मलेच सांगून राहिली.'

दीडशे शब्द केव्हाच संपले. असू दे.

जूनमध्ये यवतमाळच्या शेवटच्या गाडीने निकाल आला.
सुमित्राने नंबर वाचायला घेतले, ओळीने, न घाईने.
चारशे अकरा. चारशे बारा. चारशे पंधरा.
आणि थांबली.
चारशे चौदा तिचा होता.
त्या थांबण्यात फक्त पेटीची घरघर,
भिंतीपर्यंत, फलाटापर्यंत, बाभळीपर्यंत.
मी पाच म्हणतो, मुनाफ आठ सेकंद म्हणायचा.
मग तिने चारशे सोळा वाचला,
आणि पुढचे सगळे.
गावात आजही कुणी त्या केंद्राचं काही सांगितलं
तर ती घरघर सांगतो.
(ऑक्टोबरात ती पास झाली. पुढे घाटंजीकडे ग्रामसेविका.)

दुसऱ्या आठवड्यात हवालदार काळबांडे आले.
'लायसन हाये का?'
सरांनी त्यांना स्टूल दिलं, चहा सांगितला.
पंचनामा झाला. त्याची कार्बन कॉपी माझ्याकडे आहे,
आमच्या इतिहासाचा तेवढा एकच कागद:
'एक लाकडी पेटी. आत काचेचा दिवा, जळता.
तांब्याची तार अंदाजे साठ हात.
पेटी हाताला गरम लागते.'
खाली दोन पंचांच्या सह्या, एक अंगठा.

मुली, हे छापायचं तर छाप.
आणि हेही, जे कागदात नाही:
पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून झाल्यावर
काळबांडे दारात घुटमळले, टोपी काढली,
'सर, ते बोरीच्या म्हशीचं
आज सांगनार होते न तुम्ही?
सापडली का थे?'