फळ्यावरचा ठिपका

पेपर तिसरा : ब्रिटनची राज्यपद्धती.
सत्तावीस वर्षं शिकवला मी
साखर पेठेमागच्या रात्रीच्या कॉलेजात,
जिथे पोरं दिवसपाळीचा कापूस
केसांत तसाच घेऊन बसायची
आणि साडेआठला पेंगायची.

फळ्यावर दोन वर्तुळं काढायचो.
एकात हुजूर, एकात मजूर.
मग कोपऱ्यात एक ठिपका,
आणि नोट्समधलं वाक्य, संथ, उतरवून घेता येईल असं :
इतर लहान पक्षांचा उल्लेख केवळ पूर्णतेसाठी.

दशरथ येलदी झोपला नव्हता.
अशोक चौकापलीकडे जेकार्डवर चादरी काढायचा.
म्हणाला, "सर, तो ठिपका तुम्ही काढलाय,
का खडू टेकला म्हणून पडलाय?"
वर्ग हसला. मीही.
घंटेला दहा मिनिटं होती,
तरी फळा पुसून टाकला.

पुढे तो महापालिकेला उभा राहिला.
पक्षाचं नाव सांगत नाही, तुम्ही ऐकलं नसणार.
पक्षात सतरा माणसं, त्यांतली चार येलदी.
निशाणी शिट्टी.
आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळता
शेजारणींना तेलुगूत पटवायची.
आणि मागणी एकच, पुठ्ठ्यावर, निळ्या रंगात :
पाणि एक दिवसाआड.
पाचव्या दिवशी रात्री दोनला नळ येणाऱ्या गल्लीत
लोक ती वाचून आधी घागरीकडे बघायचे,
मग त्याच्याकडे.

मतं चारशे अकरा. अनामत गेली.

तिकडे इंग्लंडात मतमोजणीच्या रात्री
पंतप्रधानाच्या शेजारी, त्याच फळ्यांच्या मंचावर
टोपीला बाहुल्या टाचलेला एखादा उभा असतो,
दीडशे मतांचा,
आणि निकाल वाचणारा
त्याचंही नाव नीट उच्चारतो.
इथे गेटवरच्या हवालदारानं येलदीला विचारलं,
"तू कुणाचा बे?"

वॉर्डात जो पडला, तो दोनशे सहा मतांनी पडला.
तीन दिवस हिशेब मांडत बसला :
चारशे अकरा गेली कुठं.
जो निवडून आला, त्यालाही झोप नव्हती.
पुढच्या खेपेला दोन्ही वर्तुळांच्या जाहीरनाम्यांत,
पहिल्याच पानावर, जाड टायपात :
पाणि एक दिवसाआड.
वेलांटीसुद्धा ऱ्हस्वच.

तोवर मी निवृत्त. माळ्यावरून नोट्स काढल्या.
सत्त्याहत्तर साली तेरा उदारमतवाद्यांनी
मजुरांचं सरकार काखेत हात घालून उभं धरलेलं.
एकोणऐंशीत ते एका मतानं बसलं.
हे माझ्याच पुस्तकात होतं, तळटीपेत, बारीक अक्षरात,
आणि मी तळटिपा परीक्षेला वगळायचो.
मग पेपरात वाचलं, पंधरा सालचं :
कुणाला तरी अडतीस लाख मतं आणि जागा एक,
आणि वर्षभरात साऱ्या देशाला
त्याच्याच प्रश्नाचं हो की नाही द्यावं लागलं.
ठिपका भलाच असतो असं मी म्हणत नाही.
असतो, एवढंच.

परवा येलदी भेटला, कन्ना चौकात, उन्हात.
कारखाना बंद, कानाशी पांढरं, आता कापूस नव्हे.
मला वाटलं काही चांगलं बोलावं.
म्हटलं, "दशरथ, तुम्ही म्हणजे चादरीचा काठ.
नक्षी तिथं नसते, पण काठ सुटला की सगळं उसवतं."
तो म्हणाला, "काठ नको सर.
काठ धरूनच चादर झटकतेत."

"पाणी आलं ना पण?"
"आलं की. तिसऱ्या दिवशी.
उद्घाटनाला आम्हाला बोलवलं नाही, ते जाऊ द्या.
आता गटाराचं घेतलंय."
मग थोडं थांबून, "अनामत जमवायलोय."

दोनशे दिले. पावती फाडली त्यानं, नंबर तीन.
शिक्क्याला शाई कमी होती,
शिट्टी काही उमटली नाही,
तिचं भोक तेवढं दिसत होतं.