सतरा ग्रॅम

आप्पा वजनमापे खात्यात निरीक्षक.
भवानी पेठेत दुकानोदुकानी फिरून त्यांनी
शेर गोळा केले, अच्छेर, पावशेर, छटाक,
पोत्यात भरून, सायकलला बांधून
कचेरीत नेले.
रतनचंद शेठ म्हणाले होते,
"साहेब, लोखंड न्या. जीभ कशी नेणार?"

आप्पांनी तेही मनावर घेतलं.
घरात पावशेर म्हणायला बंदी.
शाळा मैलभर नव्हती, एक पूर्णांक सहा किलोमीटर होती.
मला ताप एकशे दोन नव्हता,
अडतीस पूर्णांक नऊ होता,
आणि आई कपाळावर हात ठेवून म्हणायची,
"चांगलाच आहे."

तिचं पितळी चिपटं मात्र डब्यातच राहिलं,
तांदळात कडेपर्यंत रुतून.
एका रविवारी आप्पांनी ते सात वेळा भरायला लावलं,
सात वेळा तोललं.
सात आकडे.
"तू शीग लावतेस," ते वैतागले,
"शिगेला काही प्रमाण नाही."
"पाहुण्यांनाही नाही," आई म्हणाली
आणि तांदूळ वैरले.

निवृत्तीनंतर कधीतरी
वहीत एक हिशोब मांडून त्यांनी मला दाखवला:
जुना पावशेर, दोनशे तेहतीस ग्रॅम.
नवा पाव किलो, अडीचशे.
पावशेर मागणाऱ्याच्या पिशवीत
सतरा ग्रॅम जास्त पडतात.
"मग फायदाच की," मी म्हटलं.
"पैसे अडीचशेचेच घेतात.
शब्दच तेवढा सतरा ग्रॅमनी हलका."
खाली दुहेरी रेघ.

काल मंडईत मी,
त्यांची मुलगी, दशमानात वाढलेली,
म्हणाले, "पावशेर गवार दे गं."
काट्यावर लाल आकडे चढत गेले,
दोनशे दहा, दोनशे चोवीस,
दोनशे तेहतीसवर क्षणभर टेकले.
थांब, म्हणणार होते.
भरला माझा पावशेर.
पण तिने आणखी चिमूटभर टाकली, मग आणखी,
आकडा अडीचशे ओलांडून गेला
तरी तिचा हात टोपलीतच.
"असू द्या, आजी."

घरी येऊन शेंगा मोडायला बसले.
चार किडक्या निघाल्या.
त्या वजनात धरायच्या की नाहीत,
हे आप्पांना विचारायचं राहूनच गेलं.