हाताने बसवलेलं

हेल्टरमाच्या धक्क्यावर, रस्तेखात्याच्या मागच्या खोलीत
सर्व्हरचा पंखा पंधरा वर्षं एकच ओळ घोकतो आहे.
डिस्क सत्त्याण्णव टक्के भरली.
उद्या समुद्रावरचा बर्फाचा रस्ता उघडायचा की नाही
हे याच यंत्राने सांगायचं,
आणि त्यालाच कूस बदलायला जागा नाही.

मी यादी मागितली.
एक हजार आठशे त्रेचाळीस.
काळ्या पडद्यावरून ओळीमागून ओळ वर निघून गेली
बोटीतून उतरणाऱ्या माणसांसारखी,
एकाचाही चेहरा ओळखीचा नाही,
प्रत्येकाच्या गळ्यात आवृत्तीचा क्रमांक.

यातली मी बसवलेली किती? नऊ. फार तर दहा.
बाकीची कुणाच्या तरी ओळखीने आलेली.
एकाला बोलावलं की तो दोघांना घेऊन येतो,
ते दोघे आपापल्या मेव्हण्यांना.
बोलावलेला कधीच उठून गेला,
मेव्हणे अजून पथारी पसरून आहेत.

यंत्र अदबीने विचारतं:
खालील पॅकेजेसची आता कुणाला गरज उरलेली नाही.
काढू?
होकाराचं अक्षर मोठं, नकाराचं बारीक.
म्हणजे काही न बोलता नुसतं एन्टर दाबलंत
तरी तो होकारच.

मी आधी रंगीत तालीम करायला लावली.
नुसतं सांग, हात लावू नकोस.
त्याने वाचून दाखवलं:
भंगारात गेलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर,
स्वीडिश शब्दकोश,
फॅक्स पाठवायची काहीतरी सोय,
आणि बुद्धिबळ.
(वादळात बोटी बंद पडल्या की एंडेल
पलीकडे रोहुक्युलाच्या रात्रपाळीवाल्याशी खेळायचा म्हणे.)

एक मात्र या यादीत नव्हतं. ते वेगळंच उभं होतं.
सिरीयल पोर्टशी बोलणारी लायब्ररी,
अकरा वर्षं जुनी, कपाळावर शिक्का: रोखून धरलेली.
तिच्यामागे चाळीस जण नव्या आवृत्तीसाठी ताटकळत,
ही हलत नाही म्हणून कुणीच हलत नाही.

हे का आहे? मी विचारलं.
अमक्यासाठी.
अमकं का?
तमक्यासाठी.
आणि तमकं?
हाताने बसवलेलं.
इथे साखळी संपते.
यापुढचं यंत्राला ठाऊक नसतं.

हात एंडेलचा. तो आता निवृत्त,
कायनाच्या खाडीत बर्फाला भोक पाडून
पर्च माशांची वाट बघत बसतो.
तिसऱ्या खेपेला फोन उचलला.
"ती जुनी लायब्ररी कशासाठी ठेवलीस?"
बराच वेळ नुसता वारा.
"आठवत नाही, मारिट," म्हणाला.
"पण काढू नकोस."
आणि फोन ठेवता ठेवता:
"बुद्धिबळ आहे का अजून?"

हे काय उत्तर झालं?
मी नोंदी ठेवणारी बाई, मला कारण लागतं,
तारीख लागते, खाली सही लागते.
रागाने कॉफी ओतली, ती थंडही झाली.
मग आठवलं, बर्फावर गाडी घातली की
मीसुद्धा सीटबेल्ट सोडते.
आईने सांगितलं म्हणून. तिला तिच्या मामाने.
ज्याच्यावरून हे सगळे शिकले
त्याचं नाव आमच्या घरात कुणी काढत नाही.

दोनशे अकरा काढली.
शब्दकोशाला जरा वाईट वाटलं, म्हणजे मलाच.
बुद्धिबळापुढे मात्र मी लिहून टाकलं:
हाताने बसवलेलं.
यंत्राने कुणाच्या हाताने ते विचारलं नाही,
एका ओळीत मान्य केलं.
उघडून पाहिलं तर अर्धा डाव तसाच,
काळ्याचा उंट अडचणीत.

सहाला, अंधारातच,
सातव्या खांबाखालचा जुना सेन्सर
त्या जुन्या लायब्ररीशी तिच्याच बोलीत काहीतरी पुटपुटला.
मी कोट चढवला, बाहेर जाऊन
फलकावर खडूने आकडा लिहिला:
सव्वीस सेंटीमीटर. दोन टनांपर्यंत.
खाली, दरवर्षीसारखं,
सीटबेल्ट सोडून.