कपची

अडवलीच्या वरच्या उतारावर
झाडांसाठी खड्डे चालले होते, दोन बाय दोन बाय दोन.
अठ्ठेचाळिसाव्या खड्ड्यात बुधी वाघेची पहार
वेगळी वाजली. तिनं वाकून काहीतरी उचललं,
पदरानं पुसलं, माझ्या रजिस्टरवर ठेवलं :
"घ्या मॅडम, हिची पण हजेरी लावा."

नखाएवढी. मधाच्या रंगाची.
एका कडेनं उजेड आरपार.
धार बघायला मी बोट फिरवलं
आणि त्या दिवसाच्या नोंदीवर रक्ताचा ठिपका पडला.

ओळखीच्या प्राध्यापकांना फोटो धाडला.
रात्री उत्तर आलं : हत्यार नव्हे हे.
हत्यार घडवताना उडालेली कपची. टाकाऊ.
वय? थर तुम्ही खणून विस्कटलेत,
आता कोण सांगणार.

मग मी ती आप्पाकडे नेली.

आप्पा, म्हणजे दुर्गाप्पा मरगू धोत्रे.
तुर्भ्याच्या खदानीत एकतीस वर्षं.
उजव्या हाताची दोन पेरं तिथंच राहिली.
डोळ्यांवर पडदा आलाय,
आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्याला हमखास झोप लागते.
त्यानं कपची अंगठ्यावर घेतली,
उलटी केली, सुलटी केली,
जिभेला लावली.
"गारगोटी. काळ्या फत्तराच्या पोटातली."
धार अंगठ्यावरून ओढली. काही झालं नाही त्या अंगठ्याला.
मग तो एका जागी थांबला.
तिथे तांदळाच्या कणीएवढा फुगवटा होता,
मला न दिसलेला.
"फुटल्याली न्हाय ही. फोडलीया."

काय फरक?

"खदानीत वाढलीस आन् हे इचारतीस?
फुटतंय ते आपल्या मनानं.
फोडायचं तर आदी ऐकाय लागतंय.
ह्यानं ऐकलंय. हितं मारलाय, तिरका, एकच.
डावरा असंल.
आन् ह्यो बघ, ह्यो चुकलाय."
आणि हसला, शेजारच्या ओळीतल्या गड्याला
हसावं तसा.

प्राध्यापकांचा शब्द मी सांगून टाकला.
भिंतीपलीकडे कुणाचा तरी मिक्सर चालू होता,
तो थांबेपर्यंत आप्पा गप्प.
"आमी जल्मभर कपच्याच केल्या.
पाऊण इंची, अर्धा इंची, बारीक.
वाशीपासनं बेलापूरपतुर कुटंबी खण,
माजी निघंल.
तवा कोन इचारंल का, डावरा हुता का उजवा?"

सुरुंग उडून धूळ बसली की
आम्ही पोरी अशाच गारगोट्या वेचायचो.
रात्री गोधडीत शिरून एकीवर एक घासायची :
पिवळट उजेड, दगडाच्या आतच राहणारा,
आणि केस जळल्याचा वास.
गोधडी पेटंल, आई ओरडायची.
कधीच पेटली नाही.
हे मी विसरले होते.

निघताना त्यानं हाक मारली.
"त्याचा हातोडा कुटाय?
कपची हितं, म्हंजी तो हितंच बसला हुता,
पाय पसरून, पाठ टेकून. हात-दीड हातावर बघ.
गोल गोटा असंल, एका टोकाला चेचल्याला.
कपच्या टाकतंय मानूस. हातोडा कोन टाकतंय?"

सोमवारी अठ्ठेचाळीस तसाच उघडा होता.
बाजूच्या खडकाला पाठ लावून मी बसले, पाय पसरून.
खाली कारखान्यांची पत्र्याची छपरं,
त्यांच्यापलीकडे अर्धा खाल्लेला डोंगर,
मग खाडीची मळकी रेघ.
डावा हात आपोआप बाजूच्या मातीत गेला.

"काय हरवलं, मॅडम?"
हातोडा, मी म्हटलं.
कुणाचा, कसला, बुधीनं विचारलं नाही.
पहार आडवी ठेवली, ओचा खोचला,
आणि ढिगाऱ्याशी उकिडवी बसून
माती बोटांनी चाळू लागली.
"इथंच असेल," म्हणाली,
"लांब कशाला जाईल."