कोरी पट्टी

नगरपरिषदेनं मला जागा मोजायला पाठवलं
तेव्हा बोरटेकचं स्टेशन
सरकीच्या पोत्यांनी गच्च भरलेलं होतं.
तिकिटाच्या खिडकीतून एक शेळी
बाहेर बघत होती,
जशी साडेदहाची गाडी अजून सुटायचीच आहे.

रूळ कुठे आहेत, विचारलं.
"पायाखाली पाहा ना, म्याडम."
शुक्रवारच्या बाजाराखाली,
वांग्यांच्या ढिगाखाली, चपलांच्या ताडपत्रीखाली
दोन गंजक्या रेघा
हाताच्या अंतरानं, बोलचाल नसल्यासारख्या,
जिनिंगच्या भिंतीपर्यंत जात होत्या.

सांगणारा पुंजाराम तायडे. बावीस वर्षं चावीवाला.
गाडी बंद होऊन नऊ उन्हाळे झाले,
तो अजून सकाळी हातोडी घेऊन
चार किलोमीटर रूळ ठोकत चालतो.
डॉक्टरनं सांगितलं म्हणून नाही,
हे त्यानं मला दोनदा बजावलं.

गावाबाहेर त्यानं नेऊन दाखवलं:
दोन्ही बाजूंच्या बाभळी
दर दिवाळीनंतर तो छाटतो,
डब्याच्या रुंदीएवढ्या, इंजिनाच्या उंचीएवढ्या.
वर फांद्या एकमेकींत गेल्यात
आणि खाली
अख्खी गाडी मावेल एवढा
रिकामपणा उभा आहे.

माझ्या टेबलावर आराखडा आहे.
एकशेबारा गाळे, वर सभागृह,
पुढे पार्किंग आणि कारंजं.
नळाला चौथ्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात
कारंजं कशाला, ते मी विचारलं नाही.
गाळे कशाला, ते मला ठाऊक आहे.
वच्छला बोंद्रे अठरा वर्षं
त्या रुळावर वांगी मांडून बसते.
तिला एक शटर हवंय,
खर्रकन खाली ओढता येईल असं,
वर स्वतःच्या नावाची पाटी.
"लोखंडाले पाहून पोट भरते काय, म्याडम?"
ती वजन करता करता विचारते.
काटा तिच्याच बाजूनं झुकतो.

आणि तायडे काही गाडी मागत नाही.
"गाडी येनं न येनं आपल्या हाती नाही.
पन वाट एकडाव तुटली
तं मंग नुसते पलाट राह्यतात.
पलाटावरून कोनी कुठी जात नाही."
एवढं बोलून तो तंबाखू मळत बसतो.
समोरून काळीपिवळी जाते,
आत चौदा, टपावर तिघं,
मागच्या फळीवर लटकलेली कॉलेजची पोरगी
एका हातानं ओढणी सावरत.

त्या रात्री मी इमारत फिरवली.
कागदावर ते सोपं असतं.
कारंजं खोडलं, पार्किंग मागे ढकललं,
सभागृहाची एक बाजू कापली,
तरी तीस फूट निघेनात.
मग गाळे कापायला घेतले.
एक, चार, अकरा.
अठरा गाळे गेले तेव्हा
जिनिंगच्या भिंतीपासून नाल्यापर्यंत
एक सरळ पट्टी मोकळी झाली.

निवासी पिवळं, व्यापारी निळं, बगीचा हिरवा.
पट्टीला रंग दिला नाही.
मुख्याधिकारी चष्मा पुसत म्हणाले,
"इथं छपाई राहिली का?"
नाही साहेब, राखीव आहे.
"कोणासाठी?"
माझ्याकडे त्याचं नाव नव्हतं.
कदाचित ते अजून जन्मलेलं नाही,
कदाचित ती फळीवर लटकलेली पोरगीच,
चाळिशीत, खिडकीशी बसलेली.
मी म्हटलं, वाहतुकीसाठी.
त्यांनी सही केली नाही, फाडलाही नाही,
कागद पेपरवेटखाली ठेवला.
अजून तिथंच आहे.

गाळ्यांच्या यादीत आता चौऱ्याण्णव नावं.
बोंद्रेबाईंच्या अर्जाचा नंबर सत्त्याण्णव.

शुक्रवारी वांगी घ्यायला गेले.
सांगायचं म्हणून तोंड उघडलं
तर तिनं पाव किलोवर दोन जास्तीची टाकली,
"घ्या, तुमी आमच्या गाळ्याचं पाहून राह्यल्या ना."
पिशवी हातात घेऊन
मी रुळावर उभी.
लांबून हातोडीचा आवाज येत होता,
एका पट्टीवरून दुसरीवर,
सावकाश, इकडेच.